उस्ताद मालिवेरच्या तोंडचा शब्द

यावर तुमच्यातला एकही विश्वास ठेवणार नाही, आणि म्हणूनच मी ही गोष्ट सांगते. विश्वास बसेल अशा गोष्टी सांगायला पॅरिसात पाद्री आहेत, पुढारी आहेत, पावाच्या दुकानातल्या बायका आहेत. त्यांच्याकडे जा. माझ्याकडे बसायचं तर वाडगा पुढे ओढा आणि तोंड बंद ठेवा. प्यायला उघडलं तर चालेल.

तुम्ही आत येता, आपापलं वेगळं टेबल धरता, छापलेल्या कार्डावरून बोट फिरवता आणि मला हाक मारता, "रेस्तोरातर!" मी मुद्दाम उशिरा ओ देते, म्हणजे पुन्हा हाक येते. ऐकायला गोड लागतं. पण हा शब्द आला कुठून, असं विचारलं की सगळे छताकडे बघता. परवा एक शिकलेला पोरगा मला शिकवत होता, "आजी, खायच्या जागेला रेस्तोराँ म्हणतात, म्हणून तिच्या मालकाला रेस्तोरातर." अरे गाढवा, उलटं आहे सगळं! माझ्या तरुणपणी रेस्तोराँमध्ये जाऊन बसता येत नसे. बसला असतास तर बूड भाजलं असतं. रेस्तोराँ प्यायचं असायचं, वाडग्यातून. गेलेली ताकद परत आणणारा मांसाचा रस, तो रेस्तोराँ. आणि तो करून देणारा, पडलेल्या माणसाला पुन्हा पायावर उभा करणारा, तो रेस्तोरातर. जागेला ते नाव फार मागून मिळालं, रसाची उसनवारी म्हणून.

"म्हणजे वैद्यच की, पेरीन आजी," हा आमचा कातडी कमावणारा फिर्माँ म्हणतो.

वैद्याकडून माणूस बरा होऊन बाहेर आलेला तू पाहिलायस का रे फिर्माँ? मग मधे बोलू नकोस.

माझा नवरा बाझील हा रेस्तोरातर होता. आमच्या गल्लीतला पहिला. त्याच्या रसात पाण्याचा थेंब नसे. म्हातारा कोंबडा, वासराची नळी, कांदा, गाजर, आणि शिकारी खुशीत असला तर एखादा तित्तिर. सगळं मडक्यात भरायचं, झाकण कणकेनं लिंपायचं, निखाऱ्यावर ठेवायचं आणि दुसऱ्या कामाला लागायचं. मांस आपल्याच घामात विरघळतं. वर येतो तो रस सोन्यासारखा, आणि इतका नितळ की त्यातून मडक्याच्या तळाची चीर दिसावी. एक म्हातारी आमच्याकडे काठी टेकत आली, वाडगा प्यायली आणि काठी विसरून नाचत घरी गेली. दुसऱ्या दिवशी काठी न्यायला आली तर काठीला पालवी फुटलेली. थोडा रस सांडला होता तिच्यावर.

हसा. पुढे हसाल तर ठसका लागेल.

समोरच्या बाजूला उस्ताद मालिवेरची खानावळ होती. तुमच्यातल्या तरुणांना खानावळवाल्यांची पंचायत काय होती ते आठवत नसेल. राजा गेला तशी तीही गेली. तेव्हा रीतच होती, भाजणाऱ्यानं भाजायचं, डुकराचं मांस विकणाऱ्यानं तेवढंच विकायचं, आणि पीठ, लोणी, अंडं घालून दाट केलेलं कालवण फक्त पंचायतीतल्या खानावळवाल्यांनी करायचं. दुसऱ्या कुणी केलं तर भांडं फोडायचा हक्क त्यांचा. त्या पंचायतीचा मुख्य हा मालिवेर. त्याच्याकडे एकच लांबलचक टेबल. दुपारची घंटा झाली की सगळ्यांनी एकदम बसायचं, मधे जे येईल ते ओढायचं. लांब हाताच्यांना मांड्या, आखूड हाताच्यांना माना. आजारी माणूस तिथे बसला तर त्याला बशी चाटायची पाळी. म्हणून आजारी, अशक्त, बाळंतीण, सगळे आमच्याकडे येत. केव्हाही या, स्वतःचं टेबल घ्या, आपल्या पोटाला सोसेल तेवढं प्या. हळूहळू धडधाकट लोकही खोकत खोकत यायला लागले. मालिवेर खिडकीत उभा राहून बघायचा.

त्या हिवाळ्यात बाझीलच्या छातीत कफ भरला. दुकानाच्या मागच्या खोलीत तो खाटेवर पडून होता आणि त्याच्याचसाठी मी मडकं लावलं होतं. सकाळी रस गाळला, चुलीवरून उतरवला आणि विस्तव नीट करायला वाकले, तेवढ्यात मालिवेर पंचांना घेऊन आत. त्याचा पाय तेव्हा वातानं सुजलेला असायचा, दोन माणसं त्याला खुर्चीतून उचलून आणायची. थंडी अशी की शब्द तोंडाबाहेर पडला तर जमिनीवर आपटून फुटायचा. तेवढ्यात माझा रस गोठलेला.

मालिवेरनं मडक्यात चमचा रोवला. चमचा उभा राहिला.

"हे काय आहे, बाई?"

"रेस्तोराँ आहे, उस्ताद. गार पडलाय म्हणून गोठलाय. नळीचा चीक असतो तो. विस्तवावर धरा, पाणी होईल."

"चमचा उभा राहतोय. चमचा उभा राहिला म्हणजे दाट. दाट म्हणजे पीठ. पीठ म्हणजे आमचं."

"उस्ताद, तुम्ही जन्मभर नळ्या उकळल्यात. तुम्हाला हे मी सांगायचं?"

त्याला ठाऊक होतं. पाया उकळणाऱ्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. तो माझ्याकडे बघून हसला आणि त्यानं काठीनं मडकं लोटून फोडलं. सगळा रस उंबऱ्यावरून गटारात गेला. (त्या गटारातले उंदीर पुढे कितीतरी दिवस गल्लीतल्या मांजरांना हाकलत होते, पण ते असू दे.) मग त्यानं बाझीलची पाटी उतरवायला लावली आणि मागच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात वाचली.

"रेस्तोरातर! परत आणून देणारा म्हणे! काय परत आणतोस रे, बाझील? तुझाच दम तुला परत आणता येत नाही!"

पंच हसले. बाझीलनं ते सगळं ऐकलं. मी आत गेले तर तो भिंतीकडे तोंड करून पडलेला. दुसरं मडकं लावायला घरात ना कोंबडा होता ना मडकं. त्याच आठवड्यात तो गेला. शेवटी माझा हात धरून एवढंच म्हणाला, "पेरीन, पीठ नव्हतं गं त्यात."

इथे हसायचं नाही. हे खरं आहे.

लोकांना वाटलं, मी मालिवेरला विष घालीन. मला त्याचा जीव नको होता. घेऊन ठेवायचा कुठे? त्याची खानावळ जळावी, असंही मला वाटत नव्हतं. मला एकच हवं होतं. ज्या तोंडानं त्यानं तो शब्द थुंकला, त्याच तोंडानं, भरल्या टेबलासमोर, त्यानं म्हणायला हवं होतं की बाझील रेस्तोरातर होता. ते ऐकल्याशिवाय मी मरणार नव्हते. माझी आई सांगायची, मी जन्मायलाही असाच हट्ट धरून उशीर केला होता.

मी नवं मडकं आणलं आणि नवी पाटी लावली, आधीपेक्षा मोठी. अक्षरं मालिवेरच्या खिडकीतून वाचता यावीत अशी. आणि वाट बघत बसले. कारण पंचायतीची रीत मला माहीत होती. पहिल्या वेळी भांडं फोडून मोकळं होता येई, पण त्याच घरावर दुसऱ्यांदा आळ घेतला की भांड्यावर लाखेची मोहर करून ते न्यायाधीशापुढे न्यावं लागे, आणि पंचायतीच्या मुख्यानं स्वतः चाखून शपथेवर सांगावं लागे.

त्या मडक्यासाठी कोंबडा मी असा निवडला की ज्यानं वेशीबाहेरच्या सगळ्या कोंबड्यांना मारून झाल्यावर एका वकिलाला झाडावर चढवलं होतं. वकील उतरेपर्यंत संध्याकाळ झाली. त्या कोंबड्याला कापलं तेव्हा मडक्यातूनही तो आरवला. रस निघाला तो मी पुन्हा दुसऱ्या कोंबड्यावर ओतला, आणि तो निघाला तो तिसऱ्यावर. ढवळायचा लाकडी चमचा सरळ करून ठेवला तर त्याला कळी आली.

मालिवेर आला, मोहर झाली, आम्ही न्यायाधीशापुढे उभे राहिलो. म्हणजे मी उभी होते. मालिवेर खुर्चीत होता, पायाला फडकी गुंडाळलेली, छातीत खोकल्याचा भाता. वैद्यानं त्याला सातूच्या पेजेवर ठेवलं होतं.

"साहेब," मी म्हटलं, "मागच्या खेपेला उस्तादांनी गार बघितला. या खेपेला गरम चाखू द्या."

न्यायाधीशांच्या मागे शेकोटी होती. मडकं तिच्यावर ठेवलं. मोहर फुटली, गोठलेला रस वितळला, आणि मडक्याचा तळ लख्ख दिसायला लागला. सगळे वाकून बघायला लागले.

"दिसायला पातळ आहे," मालिवेर म्हणाला. "पीठ जिभेला लागतं."

पहिला चमचा त्यानं तोंडात घातला आणि त्याचा खोकला अर्ध्यात थांबला, जसा घोडा खंदकाच्या काठावर थांबतो. दुसऱ्या चमच्याला सुजलेला पाय असा उतरला की फडकी गळून जमिनीवर पडली. तिसऱ्याला डोक्यावरचा केसांचा टोप हळूहळू वर यायला लागला, तापलेल्या भट्टीतल्या पावासारखा. टकलाला केस फुटत होते हो! कारकून टेबलाखाली गेला, हसू लपवायला.

"उस्ताद, पीठ आहे?"

"अजून नीट कळत नाही, साहेब. आणखी एक चमचा बघतो."

असं म्हणत म्हणत त्यानं मडकं खरवडलं.

"मडकं संपलं, उस्ताद," न्यायाधीश म्हणाले, जरा हिरमुसूनच, कारण त्यांचेही गुडघे दुखत असत. "आता तरी कळलं?"

मालिवेर दोन्ही हातांनी टोप खाली दाबून म्हणाला, "पीठ आहे. शपथेवर सांगतो. आणि या बाईच्या रसानं कुणी बरं होत नाही. मला बघा ना, आलो तसाच आजारी आहे." आणि खोकला.

त्याचा खोकला मी कितीतरी हिवाळे खिडकीतून ऐकला होता. हा तो नव्हता. हा खोकला त्यानं बनवला होता.

न्यायाधीशांनी रिकामं मडकं उलटं करून पाहिलं. "मालाचा पुरावा उस्तादांच्या पोटात गेला," ते म्हणाले. "तेव्हा आता उस्ताद हाच पुरावा. सां लोराँच्या सणापर्यंत ते आजारी राहिले, तर बाईनं पाटी आपल्या हातानं चौकात जाळायची आणि दुकान बंद करायचं. पण त्याआधी चारचौघांनी त्यांना धडधाकट पाहिलं, तर पाटी राहील आणि पंचायतीनं पुन्हा तिच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही."

सां लोराँ म्हणजे स्वयंपाक्यांचा सण, ऐन उन्हाळ्यात. पंच खूश होऊन एकमेकांना कोपर मारायला लागले. त्यांच्या मुख्याला फक्त आजारी राहायचं होतं.

"तेवढं सोपंच की," फिर्माँ म्हणतो.

सोपं? फिर्माँ, तू कधी धडधाकट असताना आजारी राहून बघितलंयस? पोटात तीन कोंबड्यांचा जोर, पाय म्हणतात उडी मार, आणि तू खुर्चीत, मांडीवर घोंगडी, हातात पेज!

कारण पेज सुटत नव्हती. पेज सोडली की बरा झाला. आणि गल्लीला आपलं आजारपण दाखवायचं तर दररोज दुपारी स्वतःच्या त्या लांब टेबलाच्या डोक्याशी येऊन बसणं भाग. तुम्ही म्हणाल, आत लपून खात असेल. कसा खाणार? त्याच्या स्वयंपाकघरातल्या आचाऱ्यांना त्यानं वर्षानुवर्षं इतकं पिळलं होतं की एक हाड कमी झालं असतं तरी त्यांनी मला खिडकीतून ओरडून सांगितलं असतं.

आणि त्या टेबलाची एक रीत होती. घंटेआधी पैसे ठेवून बसलेल्या माणसाला उठवायचं नाही, मग तो कुणी का असेना. पहिल्या दिवशी मी घंटेआधी गेले आणि बरोबर त्याच्या समोरची जागा धरली.

"तू इथे?" मालिवेर म्हणाला.

"भूक लागली, उस्ताद. नवरा नाही, एकटीसाठी काय चूल पेटवायची?"

भाजलेला हंस आला. माझे हात लांब आहेत. मी मांडी घेतली आणि इतकी हळू खाल्ली की शेजारचे लोक चिडले. कातडी कुरकुर वाजली की त्याच्या घशाची घाटी वरखाली व्हायची.

"पेज गार होतेय, उस्ताद."

"माझ्या पेजेची काळजी करू नकोस, बाई."

"काळजी कशी नाही करणार? आजारी माणूस. फार अशक्त दिसता हो. केस मात्र छान आलेत."

त्यानं टोप कानांपर्यंत ओढला.

दररोज गेले. हंस, ससा, कोवळ्या कांद्यातलं वासरू, लोण्यातल्या सलगमांवर ठेवलेलं बदक. दररोज तिथेच बसले, दररोज त्याच्याकडे बघत हाडं चोखली. त्याची बायको उर्स्यूल एकदा कानाशी लागली, "अहो, एक घास घ्या ना, कोण बघतंय?" मी मोठ्यानं म्हटलं, "मी बघतेय, उर्स्यूलबाई." ती बिचारी पळालीच. मला तिची दया आली नाही. माझ्या खाटेवर पडलेल्याची कुणाला आली होती? वसंत आला, त्याच्या अंगात घोड्याचं रक्त खेळत होतं आणि तो पेज ढवळत होता. एकदा रस्त्यावर ढोल वाजत गेला तर त्याचे पाय घोंगडीखाली आपोआप नाचायला लागले. दोघा पंचांना त्याच्या मांडीवर बसावं लागलं.

सणाच्या आदल्या दुपारी सगळे पंच टेबलाला हजर होते. दुसऱ्या दिवशी माझी पाटी जळताना बघायची, म्हणून दारूचं पिंप आधीच फुटलं होतं. मालिवेरही हसत होता. एक रात्र काढली की संपलं, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं. त्या दिवशीचा हंस त्यानं स्वतः निवडलेला, उद्या सकाळी उठून असलाच एक आपण खायचा म्हणून. कातडी मधासारखी तांबूस, आतून चरबी ठिबकतेय. मी मांडी ओढून घेतली. बशीत ठेवली. खाल्ली नाही.

"खा ना," मालिवेर घोगऱ्या आवाजात म्हणाला. "शेवटचं जेवण आहे तुझं इथलं."

"आज भूक नाही, उस्ताद. बाझील गेल्याची आठवण झाली. तोही असाच उपाशी गेला."

असं म्हणून मी ती मांडी उचलली, वाकले आणि टेबलाखालच्या कुत्र्यापुढे धरली.

स्वयंपाकी कितीही दुष्ट असला तरी स्वयंपाकी असतो. आपण निवडलेला हंस, आपल्या भट्टीत भाजलेली कातडी, आणि ती कुत्र्याच्या तोंडात? मालिवेर ओरडला. घोंगडी फेकली, खुर्ची मागे उडाली, आणि लांबच्या लांब टेबलावरून, बशा, सुरया, पंचांची डोकी ओलांडत तो एका उडीत माझ्या बाजूला आला. कुत्र्याच्या दातांतून त्यानं ती मांडी ओढली, कुत्रा एका बाजूनं, हा दुसऱ्या बाजूनं, आणि शेवटी कुत्रा हरला. मग तिथेच उभ्याउभ्या, डोळे मिटून, हाडासकट चावत राहिला. टोप सुरईत पडला होता.

"उस्ताद," मी विचारलं, "पाय कसा आहे?"

तो चावायचा थांबला. सगळीकडे पाहिलं. गल्लीतले निम्मे लोक दारात उभे होते.

"बोला. पाय कसा आहे?"

"बरा आहे."

"आणि खोकला?"

"गेला."

"कशानं गेला?"

"रसानं."

"त्यात पीठ होतं?"

त्यानं हाड खाली ठेवलं. "नव्हतं. तेव्हाही नव्हतं."

"रस करायची रीत कुणाची?"

"बाझीलची."

"मग बाझील कोण होता?"

तो पुटपुटला.

"तिकडच्या टोकाला ऐकू गेलं नाही, उस्ताद. माझ्या घराच्या मागच्या खोलीत जाईल एवढ्या आवाजात. तुम्हाला जमतो तसला आवाज, मला माहीत आहे."

आणि उस्ताद मालिवेर भरल्या टेबलासमोर ओरडला, "बाझील रेस्तोरातर होता!"

म्हणून, पोरांनो, हा शब्द टिकला. नाहीतर माझ्या पाटीबरोबर चौकात जळाला असता. आणि तेवढ्यावर भागलं नाही बरं का! तो माझ्यामागून रस्ता ओलांडून आला, माझ्या उंबऱ्यापुढच्या चिखलात दोन्ही गुडघे टेकले, कपाळ पायरीला लावलं, आणि लहान पोरासारखा रडत म्हणाला, "पेरीनबाई, मला..."

"खोटं!"

भिंतीकडच्या टेबलावरून म्हातारा मालिवेर ताडकन उठला. गळ्यात रुमाल, हातात माझाच चमचा. सगळं दुकान त्याच्याकडे वळलं.

"साफ खोटं बोलतेय ही! हंस खाल्ला, कुत्र्याच्या तोंडातून ओढून खाल्ला, कबूल! पीठ नव्हतं, कबूल! बाझील रेस्तोरातर होता, तेही म्हणालो, आताही म्हणतो, हवं तितक्यांदा म्हणतो! पण गुडघे टेकले नव्हते मी, पेरीन! गुडघे टेकले नव्हते!"